वाळवंटातील राज्ये आणि त्यांचे भाष्यकार



वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात इतिहासाचा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पानिपत तरी उभे राहते, नाही तर फ्रेंच राज्यक्रांती. आज आम्ही ज्या राज्यांविषयी बोलणार आहोत, ती राज्ये पृथ्वीच्या पाठीवर कधीच झाली नाहीत. ती व्हिडिओ गेममधली आहेत. तरीही त्यांना नकाशे आहेत, सनावळ्या आहेत, तह आहेत आणि लढाया आहेत. मुख्य म्हणजे त्या राज्यांचे हेतू काय होते यावर वर्षानुवर्षे वाद घालणारा भाष्यकारांचा एक मोठा समुदाय जगभर आहे. या भाष्यांचा इतिहास हाच आमचा आजचा विषय होय.

या विषयाकडे आम्ही वळलो कसे, हे आधी सांगितले पाहिजे. कारण आमचा व्यवसाय कामगारांची संघटना बांधण्याचा. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात वाचले. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात याच कचेरीत दोन तरुण कामगार हातघाईवर येऊन भांडत होते. एक म्हणत होता, "रिपब्लिक कितीही भ्रष्ट असले तरी तिथे कायदा आहे." दुसरा म्हणत होता, "तुझा कायदा तुलाच लखलाभ. लीजनच्या मुलखात व्यापाऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही." आम्हांला वाटले, कोणत्या तरी परदेशातील यादवीविषयी बोलणे चालले असावे, आणि त्या देशाचे नाव आपल्याला ठाऊक नाही याची थोडी लाजही वाटली. शेवटी विचारले, तेव्हा दोघेही हसले. लीजनचा वकील असलेला तो दुसरा मुलगा कंत्राटी कामगार होता. त्यानेच पुढे तो सबंध पावसाळा आमच्या शेजारी बसून आम्हांला तो खेळ खेळायला शिकवला. आमचा हात चालत नसे म्हणून बंदूक तो चालवी आणि संभाषणे आम्ही वाचीत असू. आज जे सांगणार आहोत ते या शिक्षणाचे फळ आहे.

प्रथम पूर्वपीठिका. अमेरिकेत १९८८ साली 'वेस्टलँड' नावाचा एक खेळ निघाला. अणुयुद्धाने उजाड झालेल्या वाळवंटात माणसे पुन्हा समाज उभारू पाहतात, अशी त्याची कल्पना होती. तो खेळ करणाऱ्या इंटरप्ले कंपनीनेच १९९७ साली 'फॉलआउट' काढला. आमचा विषय मुख्यतः त्याच्याच वंशावळीचा आहे. या कथेत २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होते आणि दोन तासांत जग संपते. काही लोक भूमिगत आश्रयस्थानांत राहून बचावतात. पुढे त्यांचे वंशज बाहेर येतात आणि वेगवेगळ्या टोळ्या, पंथ, राज्ये उभी राहतात. पहिल्या खेळातील नायकाला एवढेच काम सांगितलेले असते की, आपल्या आश्रयस्थानातील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा सुटा भाग बिघडला आहे, तो दीडशे दिवसांत शोधून आण. राज्याची सारी गोष्ट पाण्यापासून सुरू होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे.

कादंबरीत लेखक पात्राच्या मनात शिरून त्याचा हेतू सांगू शकतो. येथे तसे होत नाही. खेळणाऱ्याला मिळतात ते जुने कागद, यंत्रांत राहिलेल्या नोंदी, वाटेत भेटलेल्या माणसांच्या परस्परविरोधी साक्षी आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याचे लांबलचक समर्थन. तात्पर्य, खेळणाऱ्याच्या हाती जे पडते ते इतिहासकाराच्या हाती पडणारे साहित्यच असते. मग त्यातून हेतू काढणे ओघानेच आले, आणि तेथूनच भाष्यकार जन्मास आला.

पहिल्याच खेळात या भाष्यकाराला उत्तम धडा मिळाला. त्यातील प्रतिपक्षाला 'मास्टर' म्हणतात. माणसांना विषाणूच्या हौदात बुडवून तो त्यांचे धिप्पाड उत्परिवर्तित जीव बनवतो. वरवर पाहता हा राक्षस. पण त्याचे म्हणणे ऐकून घेतले तर असे दिसते की, माणसांतील भेदांमुळे युद्धे होतात, तेव्हा सर्वांना एकाच जातीचे केले म्हणजे युद्ध संपेल, असा त्याचा सिद्धांत आहे. त्याला गोळी घालता येते. परंतु त्याची नवी जात वांझ आहे, तिला संतती होत नाही, याचा पुरावा मिळवून त्याच्यापुढे ठेवला तर तो स्वतःच खचतो आणि स्वतःचा अंत करून घेतो. आपण इतका अत्याचार ज्यासाठी केला ते साध्यच होणार नव्हते, हे त्याला असह्य होते. हेतू उदात्त असला तरी हिशोब तपासावा लागतो, हे सूत्र १९९७ सालीच या परंपरेत आले.

याच खेळात शेडी सँड्स नावाचे विटामातीचे एक खेडे आहे. त्याच्या मुखियाचे नाव आरादेश आणि मुलीचे नाव तांडी. आरादेशच्या तोंडी धर्म हा शब्द येतो. दुसरा खेळ १९९८ साली आला, तोवर कथेत ऐंशी वर्षे लोटली होती. त्या खेड्याचे न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक झाले होते आणि तांडी त्याची वयोवृद्ध अध्यक्ष झाली होती. ग्रामपंचायतीतून प्रजासत्ताक उभे राहताना खेळणाऱ्यांनी पाहिले, आणि म्हणूनच त्या राज्याविषयी पुढे जे प्रेम आणि जो राग दिसतो, तो घरच्या माणसाविषयी असावा तसा आहे.

भाष्यकारांचे प्रश्न इतके वाढले की २००२ साली लेखक ख्रिस अव्हेलोन यांनी प्रश्नोत्तरांचे आणि सनावळ्यांचे एक मोठे संकलनच प्रसिद्ध केले. चाहते त्याला 'फॉलआउट बायबल' म्हणतात. या नावातच गंमत आहे; कारण ग्रंथ झाला की प्रामाण्याचा वाद आलाच. २००३ च्या अखेरीस मूळ खेळ करणारी ब्लॅक आइल ही शाखा बंद पडली, २००७ साली हक्क बेथेस्डा कंपनीने विकत घेतले आणि २००८ साली तिसरा खेळ निघाला. त्यातील 'ब्रदरहुड ऑफ स्टील' हा जुने तंत्रज्ञान दडवून ठेवणारा संन्यासी-योद्ध्यांचा पंथ दुबळ्यांचे रक्षण करू लागला. यावरून जुने चाहते खवळले. "हा पंथ असा नव्हताच," असे एक पक्ष म्हणे. "पंथ बदलतात, त्यांत फूट पडते, आणि खेळातही ती पडलेली दाखवली आहे," असे दुसरा म्हणे. मूळ व्रताला चिकटून राहणारी एक तुकडी त्या खेळात खरोखरच वेगळी झालेली आहे. ज्याने एखाद्या संघटनेत फूट पडताना पाहिली असेल, त्याला या वादात नवीन काहीच दिसणार नाही. दोन्ही बाजू घटनेचीच कलमे काढून दाखवतात.

येथे आपल्या देशाशी असलेला एक संबंध सांगण्यासारखा आहे. या जगात दोन तोंडांची एक गाय आहे आणि तिला 'ब्राह्मिन' म्हणतात. भारतीय गुरांच्या संकरातून अमेरिकेत 'ब्राह्मन' नावाची जात तयार झाली, तिच्यावरून हे नाव आले. २००८ साली मायक्रोसॉफ्टने हा तिसरा खेळ भारतात प्रसिद्ध न करण्याचे ठरवले आणि कारण म्हणून सांस्कृतिक संवेदनशीलता एवढेच सांगितले. नेमके काय खटकले हे सांगितले नाही. लोकांनी मात्र बोट या गाईकडेच दाखवले. तेव्हा खेळातील गटांचे हेतू ओळखण्याचा व्यासंग जडलेल्यांना खऱ्या कंपनीचा हेतू ओळखण्याचीही संधी मिळाली, आणि तेथेही साधन तेच होते: अर्धवट निवेदन आणि भोवतालची परिस्थिती.

आता आपण मुख्य प्रकरणाकडे येऊ. २०१० साली 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा खेळ निघाला. तो ऑब्सिडियन या संस्थेने केला. तिच्या संस्थापकांत ब्लॅक आइलमधून आलेली मंडळी होती, आणि दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी महाविद्यालयात इतिहासाचा अभ्यास केलेला होता. कथेचा काळ २२८१. स्थळ नेवाडाचे वाळवंट. भांडण एका धरणासाठी आहे, आणि ते धरण काल्पनिक नाही. कोलोरॅडो नदीवरील खरे हूवर धरण आहे. ज्याच्या हाती धरण त्याच्या हाती पाणी आणि वीज. चार वाटा खेळणाऱ्यापुढे असतात: रिपब्लिक, सीझरची लीजन, मिस्टर हाऊस, किंवा या तिघांनाही दूर सारून स्वतंत्र व्हेगास.

सर्वांत कडाक्याचा वाद लीजनवर होतो, म्हणून तिच्यापासून आरंभ करू. तिचा संस्थापक एडवर्ड सॅलो हा मूळचा 'फॉलोअर्स ऑफ द अपोकॅलिप्स' या, ज्ञान आणि औषधोपचार देणाऱ्या निःशस्त्र मंडळाचा. टोळ्यांच्या बोलींचा अभ्यास करण्यास तो गेला आणि एका टोळीच्या हाती सापडला. ती टोळी दुबळी आणि युद्धात अडाणी. आपल्या जिवासाठी त्याने तिला युद्धशास्त्र शिकवले, रोमच्या इतिहासाचे जे ग्रंथ वाचले होते त्यांतून नमुना उचलला, आणि शहाऐंशी टोळ्या जिंकून त्यांची नावे, भाषा, देव पुसून टाकून एक सैन्य बनवले. गुलामगिरी हा त्या राज्याचा पाया आहे. सीझर भेटल्यावर खेळणाऱ्याला हेगेलचे व्याख्यान देतो: रिपब्लिक हा पक्ष, लीजन हा प्रतिपक्ष, आणि संघर्षातून निघेल तो समन्वय, व्हेगास ही त्याची रोमनगरी.

लीजनचे समर्थक असे मांडतात: सीझर क्रूर असला तरी त्याच्याकडे दूरचा विचार आहे, वाळवंटात लुटारू माजलेले असताना त्याच्या मुलखातील रस्ते सुरक्षित आहेत, ही गोष्ट त्याच्या विरोधकांच्या बाजूचे लोकसुद्धा कबूल करतात, आणि नदीपलीकडचा त्याचा नांदता प्रदेश खेळात दाखवलाच नाही. यांतले शेवटचे विधान खरे आहे. खेळ सुमारे अठरा महिन्यांत पुरा करावयाचा होता, आणि लीजनच्या ताब्यातील प्रदेश दाखवण्याचा बेत सोडून द्यावा लागला. पण न दाखवलेल्या मुलखावर राज्याची कीर्ती उभारणे ही युक्ती इतिहासात जुनीच आहे.

रस्त्यांची साक्ष कोणाची, हेही पाहिले पाहिजे. ती साक्ष देतात व्यापारी आणि वाटसरू. रस्त्यावरून माल नेणाऱ्याला रस्ता सुरक्षित वाटतो यात नवल नाही. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला काय वाटते हे वेगळे विचारावे लागते. सीझरच्या छावणीत सिरी नावाची एक दासी आहे. ती वैद्यकी शिकत होती. पण लीजनमध्ये जुन्या जगाची औषधे निषिद्ध असल्यामुळे तिला झाडपाल्यावर भागवावे लागते. भाष्यकारांनी पुढचा दुवा जोडला तो असा की, खुद्द सीझरच्या मेंदूत गाठ झाली आहे आणि त्याच्या तंबूत शस्त्रक्रिया करणारे जुन्या जगाचे यंत्र बिघडलेल्या अवस्थेत ठेवलेले आहे. खेळणाऱ्याने ते दुरुस्त करावे अशी त्याची इच्छा आहे. शिपायांना जे पाप ते सरदाराला औषध! एवढ्या एका वस्तूने त्याच्या तत्त्वज्ञानाचा जेवढा निकाल लागतो, तेवढा दहा व्याख्यानांनी लागत नाही.

तत्त्वज्ञानाविषयीही एक शब्द. पक्ष, प्रतिपक्ष, समन्वय हे तीन शब्दांचे सूत्र हेगेलच्या नावावर खपत असले तरी या साच्याचा उगम फिख्टेकडे जातो, आणि हेगेलचे सार म्हणून तो रूढ केला त्याच्यानंतरच्या विवेचकांनी. आमच्या पिढीतील कार्यकर्त्यांनीही ते सूत्र अभ्यासवर्गांत असेच घोकले होते, म्हणून सीझरला हसताना आम्ही जरा जपूनच हसलो. काही भाष्यकारांच्या मते ही लेखकांची चूक नसून सीझरचे व्यक्तिचित्रणच आहे: थोडे वाचलेला आणि ज्याला उलटून विचारणारा कोणी उरलेला नाही असा तो मनुष्य. आम्हांला हे पटते. स्वतः शिकलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका हाच असतो.

रिपब्लिकचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्याच्याकडे निवडणुका आहेत, न्यायालये आहेत, चलन आहे. त्याच्याकडे मोठमोठे गुरांचे मालक आहेत, वाढते कर आहेत आणि आवरता येणार नाही एवढी सरहद्दही आहे. खेळाच्या आरंभीच ज्यांच्याशी गाठ पडते ते 'पावडर गँगर्स' लुटारू म्हणून समोर येतात. पण त्यांचा इतिहास पाहावा. ते रिपब्लिकचे कैदी. रेल्वेमार्गाच्या कामासाठी त्यांच्या हाती सुरुंगाची दारू दिली, पहारेकरी धरणाकडे हलवले, आणि एके दिवशी त्याच दारूने त्यांनी तुरुंग फोडला. व्हेगासच्या वेशीवर रिपब्लिकने कुळांची शेते वसवली आहेत. त्यांच्या वाटचे पाणी कमी पडते, कारण शेजारच्या वेस्टसाइड वस्तीत सहकारी तत्त्वावर शेती करणाऱ्यांकडे ते गुपचूप वळवले जात आहे. हा उद्योग त्या निःशस्त्र मंडळातल्याच एका सज्जनाने केला, आणि तो झाकताना त्याच्या हातून एका शिपायाचा खूनही झाला. आता दोष कोणाचा? कुळांचा, वस्तीचा, त्या सज्जनाचा, की पाण्याचे वाटप ठरवणाऱ्याचा? या एका प्रकरणावर चाहत्यांनी जे वाद घातले आहेत, ते आम्ही कामगार न्यायालयात ऐकलेल्या कित्येक युक्तिवादांपेक्षा सरस आहेत.

मिस्टर हाऊस हा युद्धापूर्वीचा कारखानदार. यंत्राच्या साहाय्याने दोन शतके जिवंत राहिलेला. त्याचा कार्यक्रम स्पष्ट आहे: पन्नास वर्षांत माणूस अंतराळकक्षेत, शंभर वर्षांत जहाजे दुसऱ्या ग्रहांकडे. त्याचे चाहते म्हणतात, एवढी पुढची योजना दुसऱ्या कोणाकडे आहे? त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्याचे सैन्य यंत्रमानवांचे आहे. जगात ज्या मालकाला मजुरांची गरजच उरली नाही, त्याच्याशी वाटाघाट कशाच्या बळावर करणार? संप हे आमचे हत्यार काम थांबवण्यावर उभे आहे. आम्हांला सीझरचा संताप आला. हाऊसची मात्र भीती वाटली.

चौथी वाट स्वातंत्र्याची. कोणी तिला लोकसत्ता म्हणतात, कोणी अराजक. टीकाकार विचारतात की, हाऊसचे यंत्रसैन्य ताब्यात घेऊनच जर स्वातंत्र्य मिळवावयाचे, तर धनी तेवढा बदलला, याहून अधिक काय झाले? या प्रश्नाला खेळ उत्तर देत नाही, आणि आमच्या मते ते योग्यच आहे.

धरणावर कोणाची सत्ता असावी हा वाद चालतो, पण ते बांधले कोणी हा प्रश्न आमच्या कानी फारसा आला नाही. म्हणून खऱ्या इतिहासाची एक नोंद येथे करतो. हूवर धरणाचे काम १९३१ साली मंदीच्या काळात सुरू झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बोगद्यातील काही मजुरांचा रोज कमी केला गेला आणि मजुरांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत पिण्यास स्वच्छ आणि थंड पाणी ही एक मागणी होती. त्या महाप्रचंड नदीच्या काठी उन्हात मरणारी माणसे पिण्याचे पाणी मागत होती! कंत्राटदार बधले नाहीत. बाहेर कामासाठी हजारो बेकार उभे होते. संप थोड्याच दिवसांत मोडला. १९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते धरणाचे समर्पण झाले. या कामावर मरण पावलेल्यांचा अधिकृत आकडा ९६ सांगतात. खेळात चारही बाजू ज्या भिंतीसाठी लढतात तिच्यात हा आकडा चिणलेला आहे.

आता प्रामाण्याचा प्रश्न. गटाचा हेतू ठरवताना निर्मात्याचा शब्द अखेरचा मानावा काय? पहिल्या खेळाचे प्रमुख निर्माते टिम केन यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले की, भांडवलशाहीवर टीका करणे हा आपला मूळ हेतू नव्हता. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच कथेवर निघालेल्या दूरचित्रमालिकेत मात्र कारखानदारांची एक बैठक दाखवली आहे, आणि आपला धंदा टिकावा म्हणून बॉम्ब आपणच टाकावा, असा विचार तेथे बोलून दाखवला जातो. मग खरे मानावयाचे कोणाचे? आमचे मत असे की, विहीर खणणाऱ्याला पाणी कोणत्या झऱ्याचे लागेल हे ठाऊक असतेच असे नाही.

त्याच मालिकेतील एका शाळेच्या फळ्याने तर हलकल्लोळ उडवला. फळ्यावर २२७७ साल आणि शेडी सँड्सचे पतन, असे लिहिलेले. पुढे एक बाण आणि स्फोटाचे चित्र. रिपब्लिकची राजधानी २२७७ सालीच पडली असेल, तर २२८१ सालची न्यू व्हेगासची कथाच बाद होते, अशी जुन्या चाहत्यांना धास्ती वाटली. कोणी म्हणाले, साल पतनाच्या आरंभाचे आहे आणि बाणापुढचा स्फोट नंतरचा आहे. अखेर बेथेस्डाच्या प्रमुखांनी स्फोट न्यू व्हेगासच्या घटनांनंतर झाल्याचे सांगितले. एका खडूच्या बाणावरून एवढा वाद, असे म्हणून हसू नये. शिलालेखातील एका अक्षरावरून आपल्याकडेही राजांचे शतक बदललेले आहे.

निर्माते म्हणजे कोण, हेही विचारले पाहिजे. न्यू व्हेगास करणाऱ्या संस्थेशी असा करार होता की, समीक्षकांच्या गुणांची सरासरी ८५ झाली तर बक्षिसाची रक्कम मिळेल. सरासरी ८४ आली. ही हकीकत २०१२ साली अव्हेलोन यांनीच जाहीर केली. एका गुणाने बक्षीस हुकणे ही गोष्ट उत्पादन-बोनसच्या वाटाघाटीला बसलेल्या कोणाही माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आणि २०२४ च्या जुलैमध्ये बेथेस्डाच्या खेळ बनवणाऱ्या सुमारे २४० कामगारांनी अमेरिकेतील दळणवळण कामगारांच्या संघटनेत सामील होऊन आपली युनियन केली, आणि मालक मायक्रोसॉफ्टने तिला मान्यता दिली. गटांच्या कथा रचणाऱ्यांनी स्वतःचाही एक गट केला; त्याच्या हेतूविषयी आम्हांला तरी शंका नाही.

या सर्व भाष्यांतून आम्ही आमच्यापुरते तीन नियम काढले. पहिला: पुढाऱ्याच्या भाषणावरून हेतू ठरवू नये, पाणी, धान्य आणि मजूर कोठून येतात ते पाहावे. दुसरा: साक्षीदार रस्त्यावरून जाणारा आहे की ओझे वाहणारा, हे विचारावे. तिसरा: जो प्रदेश दाखवलेला नाही, त्याच्या नावाने कोणाला पुण्य देऊ नये.

हे तीन नियम आम्ही त्या कंत्राटी मुलाला मोठ्या अभिमानाने सांगितले. लीजनचा खटला आपण जिंकला, असे आम्हांला वाटले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, लीजन वाईट आहे हे मला पहिल्यापासून कळतंय. पण रिपब्लिक म्हणजे तुमचे कायम कामगार. कायदा आहे, बोनस आहे, पण तो नागरिकांना. आम्ही वेशीबाहेरची कुळं. लीजनमध्ये निदान सगळे सारखे." आम्ही म्हटले, "सारखे नाहीत रे. सारखे हक्कशून्य आहेत, आणि बायका तर त्याहूनही खाली." तो म्हणाला, "ते बरोबर. पण माझ्या पहिल्या वाक्याचं उत्तर द्या."

त्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही जो करार केला, त्यात पगारवाढ होती, रजा होती, औषधपाणी होते. आणि कंत्राटी कामगारांविषयी एक ओळही नव्हती. पुढच्या करारात पाहू, असे आम्ही त्यांना सांगितले होते. पुढच्या करारातही तेच सांगितले. गुलाल आम्ही उधळला, आणि फाटकाबाहेर उभे असलेले लोक तो पाहत होते. आमचा हेतू चांगला होता. पण आमच्याच पहिल्या नियमाप्रमाणे हेतू आमच्या भाषणांवरून ठरत नाही.

तरुण माणूस खेळातील क्रूर राज्याची बाजू घेतो, तेव्हा त्याला क्रौर्य आवडते असे घाईने समजू नये. पुष्कळदा तो चांगल्या म्हणवणाऱ्या राज्याच्या वेशीबाहेर उभा असतो आणि तेथून ओरडत असतो. सीझरची टोळी अशाच वेशीबाहेरच्यांमधून वाढते. तिला हरवण्याचा उपाय धरणावरच्या लढाईत नाही. पाण्याच्या वाटपात आहे. न्यू व्हेगासवर पंधरा वर्षे चाललेल्या या वादाचे सार आम्हांला एवढेच दिसते.

गेल्या चैत्रापासून आमच्या युनियनच्या सभासदपुस्तकात कंत्राटी कामगारांचे वेगळे पान उघडले आहे. पहिले नाव त्या मुलाचे आहे. तो अजून लीजनच्या बाजूने भांडतो. मात्र हल्ली सभेला वेळेवर येतो आणि मागे न बसता पुढे बसतो. नव्या मागणीपत्रातले पहिले कलम त्याने लिहिले आहे. ते कंत्राटी कामगारांच्या खात्यात पिण्याच्या पाण्याची सोय करण्याविषयी आहे.